वावडे आणि मर्दुमकी

'वावडे' हा आपल्या मराठीतला मोठा अर्थवाही शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला शेंगदाण्याचे, तर कुणाला चक्क कामाचेच! पंक्तीत वाढणाऱ्याचा आग्रह पाहुण्याच्या 'मला याचे वावडे आहे' या एका वाक्याने थांबतो. परंतु यजमानाच्या मनात एक शंका रेंगाळत राहतेच. हे वावडे खरे की नुसते निमित्त? मुलाने वावडे सांगितले तर तो लाड ठरतो, सुनेने सांगितले तर नखरा ठरतो, आणि धडधाकट पुरुषाने सांगितले तर तो नाजूकपणा ठरतो. ज्या वावड्याने माणूस अर्ध्या तासाच्या आत प्राणास मुकू शकतो, त्याकडे आपण अशा रीतीने स्वभावाचा एक विनोदी भाग म्हणून पाहत आलो आहोत. त्या वावड्याचा इतिहास आज मला थोडक्यात सांगावयाचा आहे. हा इतिहास जितका वैद्यकाचा आहे तितकाच पुरुषांच्या एका जुन्या सवयीचाही आहे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो पुस्तकांमुळे नव्हे. मी सरकारी चाकरीच्या निमित्ताने गाझियाबादेस राहतो. दिल्लीच्या पूर्वेस, हिंडन नदीच्या काठी वसलेले हे शहर १७४० साली वजीर गाजीउद्दीन याने वसविले आणि त्याला गाजीउद्दीननगर असे आपले नाव दिले. पुढे १८६४ साली रेल्वे आली, तेव्हा ते लांबलचक नाव आखडून गाझियाबाद झाले. बरीच वर्षे हे मीरत जिल्ह्यातले एक तहसिलीचे गाव होते. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. राजधानीत नोकरी करणारी आमच्यासारखी काही मराठी कुटुंबे येथे आहेत. एरवी आम्ही आपापल्या घरात असतो, पण गणपतीच्या दिवसांत एकत्र येतो.

काही वर्षांपूर्वी अशाच गणपतीच्या तयारीत, रविवारी सकाळी, आम्ही पाचसात जण वसाहतीच्या मैदानात मंडप घालीत होतो. पावसाळाभर एका कोपऱ्यात पडून राहिलेले बांबू उचलताना त्यांत गांधीलमाश्यांचे पोळे निघाले. इकडे त्यांना ततैया म्हणतात. आमच्यातले एक स्नेही, वय पन्नाशीचे, शरीराने दणकट, सकाळी नियमाने फिरावयास जाणारे. त्यांच्या मानेवर एक माशी डसली. ते हसले आणि म्हणाले, "अहो, एवढे काय त्यात? शेतकऱ्याचा मुलगा आहे मी." मीही शहाणपणाने म्हणालो, "चुना लावा, उतरेल." पाचएक मिनिटांनी ते तळहात खाजवू लागले. मग त्यांचे कान लाल झाले. 'जरा तोंड धुऊन येतो' असे सांगून ते एकटेच घराकडे निघाले आणि चार जिने चढून गेले.

त्यानंतरची हकीकत त्यांच्या पत्नीने सांगितली. दार उघडताच यजमानांचा आवाज घोगरा लागला. 'काही नाही, पित्त उठले आहे' असे म्हणत ते न्हाणीघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. दोन मिनिटांत धप्प असा आवाज झाला. दैव बलवत्तर म्हणून कडी जुनी होती. खालच्या मजल्यावर राहणारी केरळची एक परिचारिका धावत आली. तिने त्यांना जमिनीवर उताणे निजविले, पाय उशांवर उंच केले, आणि उठून बसू पाहणाऱ्या त्या दणकट गृहस्थांना दोन्ही हातांनी दाबून धरले. आम्ही त्यांना तसेच आडवे उचलून जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे खाज शमविणारे औषध टोचून 'आता बाकावर बसवा' असे सांगण्यात आले. परिचारिकेने ते मानले नाही. तिच्या आग्रहाखातर आम्ही पुढच्या रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूस एक लहानसे इंजेक्शन दिले. दहा मिनिटांत राखेसारख्या पडलेल्या त्या चेहऱ्यावर रंग परतला. त्या लहानशा कुपीत काय होते? त्यात ॲड्रेनॅलिन होते. आणि जो आजार त्याने परतविला त्याचे नाव ॲनाफिलॅक्सिस. आपल्या परिभाषाकोशांतून ॲलर्जीला 'अधिहर्षता' असा शब्द आढळतो. हे तिचे सर्वांत उग्र रूप होय.

या आजाराची ओळख शास्त्रज्ञांना झाली ती समुद्रावर, एका राजाच्या नौकेवर. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर हा हौशी समुद्रसंशोधक होता. १९०१ साली त्याने आपल्या 'प्रिन्सेस ॲलिस' या नौकेवरून शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांना सफरीवर नेले. उष्ण समुद्रात तरंगणारा फायसॅलिया नावाचा एक जीव असतो. त्याच्या तंतूंचा स्पर्श झाला की खलाशांना असह्य वेदना होत. त्या विषाचा अभ्यास करावा अशी राजाची इच्छा होती. पॅरिसला परतल्यावर तो जीव मिळेना, म्हणून या दोघांनी समुद्रपुष्प या प्राण्याच्या विषावर प्रयोग चालू ठेवले. त्यांचा हेतू स्तुत्य होता. विषाची अल्प मात्रा आधी दिली तर शरीर सावध होईल आणि पुढच्या मोठ्या मात्रेस तोंड देईल, अशी त्यांची अपेक्षा होती. देवीच्या लसीपासून सारे वैद्यकजगत हेच शिकले होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत नेपच्यून नावाचा एक अत्यंत सुदृढ कुत्रा होता. त्याला विषाची अल्प मात्रा देण्यात आली आणि त्याला काहीही झाले नाही. बावीस दिवसांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, तो कोसळला, आणि पंचवीस मिनिटांत मेला. अपेक्षेच्या नेमके उलटे घडले होते. पहिल्या मात्रेने शरीर सावध झाले होते खरे, पण ती सावधगिरीच त्याच्या जिवावर उठली. फेब्रुवारी १९०२ मध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी हे निष्कर्ष विद्वत्सभेपुढे मांडले. ग्रीक भाषेत 'फिलॅक्सिस' म्हणजे रक्षण. त्याच्या उलट ते 'ॲनाफिलॅक्सिस'. आपल्या भाषेत कुंपणच शेत खाते ते हेच. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा शोध प्रयोगशाळेपुरता राहिला नाही, कारण नेमक्या त्याच काळात प्राण्यांच्या रक्तापासून केलेली औषधे माणसांना टोचण्यास सुरुवात झाली होती. १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी प्रतिविषाचे तत्त्व शोधून काढले, आणि त्यातून घटसर्पावरील सीरम निघाले. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात उतारा तयार करावयाचा आणि तो माणसाला द्यावयाचा, अशी ती युक्ती होती. तिने असंख्य मुले वाचली. परंतु काहींना सीरम दिल्यावर अंगावर गांधी उठत, ताप येई, सांधे सुजत; क्वचित एखादा रोगी तत्काळ दगावे. व्हिएन्नातील क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९०५ साली या 'सीरमच्या आजारा'वर ग्रंथ लिहिला, आणि १९०६ साली पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. त्याचा अर्थ बदललेली प्रतिक्रिया. आज तो शब्द आपल्या घराघरांत पोचला आहे. त्यामागचे गांभीर्य मात्र वाटेतच कोठेतरी गळून पडले.

आपल्या महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध आहे तो परळच्या द्वाराने. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकीन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली, आणि १९२५ साली तिला हाफकीन यांचे नाव मिळाले. पुढे याच संस्थेत सर्पदंशावरील 'लस' तयार होऊ लागली. खेडोपाडी आपण तिला लस म्हणतो, पण वस्तुतः ते सीरम आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष क्रमाक्रमाने घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तापासून ते काढतात. शेतात राबणाऱ्या किती कुटुंबांचे कुंकू आणि किती मुलांचे छत्र या घोड्यांनी राखले असेल! तथापि घोड्याच्या रक्तातील प्रथिने माणसाला परकीच. म्हणून सर्पदंशाचे सीरम देताना जाणता डॉक्टर शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवतो. २०११ साली श्रीलंकेतील एक हजाराहून अधिक सर्पदंशी रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सीरमच्या आधी ॲड्रेनॅलिनची अल्प मात्रा दिली तर पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया शेकडा ४३ ने कमी होतात, असे त्यात दिसून आले.

स्वातंत्र्यानंतर याच कथेचा दुसरा अध्याय पुण्याजवळ पिंपरीस सुरू झाला. तेथे १९५४ साली 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन देशात तयार होऊ लागले. न्यूमोनियाने जाणारी माणसे वाचू लागली. मात्र काही थोड्या लोकांना पेनिसिलीनचेही वावडे असते, आणि ते सुईतून गेले तर अनर्थ ओढवतो. 'आधी थोडे टोचून पाहू' असे म्हणून हातावर लहानसा फुगवटा करून पाहणारे डॉक्टर जुन्या पिढीतील श्रोत्यांना आठवत असतील. त्या पाहण्यामागे हीच भीती होती.

आता त्या कुपीची गोष्ट. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या लहानशा ग्रंथी असतात. त्यांच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो, हे १८९४ च्या सुमारास जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर या इंग्रज संशोधकांनी दाखविले. त्यातील शुद्ध द्रव्य निराळे काढण्याचा मान अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने आणि त्यांचे सहायक केइझो उएनाका यांना मिळाला. कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींपासून त्यांनी १९०० साली स्फटिक मिळविले, आणि १९०१ साली ते द्रव्य 'ॲड्रेनॅलिन' या नावाने जगापुढे आले. १९०४ साली जर्मनीत फ्रीडरिश श्टोल्त्स यांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. विलक्षण योगायोग पाहा. ज्या वर्षी राजाची नौका समुद्रावर निघाली, त्याच वर्षी तिने शोधलेल्या संकटाचा उताराही नाव घेऊन तयार होता!

या औषधाचे काम कसे चालते? तीव्र वावड्यात शरीरातील विशिष्ट पेशी एकदम फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन व तत्सम द्रव्ये रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतील पाणी बाहेर झिरपते, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो आणि श्वासनलिका आवळतात. म्हणजे एकीकडे हृदयाला रक्त पोचत नाही आणि दुसरीकडे फुप्फुसाला हवा पोचत नाही. ॲड्रेनॅलिन यांतील प्रत्येक गोष्ट उलटी फिरविते. सैल वाहिन्या ते आवळते, आवळलेल्या श्वासनलिका सैल करते, हृदयाला जोर देते, आणि पेशींतून होणारा स्राव रोखते. हिस्टामिनविरोधी गोळ्या पुढे १९३७ पासूनच्या संशोधनातून निघाल्या. त्याबद्दल दानिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. त्या गोळ्या खाज आणि गांधी शमवितात, पण कोसळलेला रक्तदाब सावरू शकत नाहीत. आमच्या स्नेह्यांना पहिल्या दवाखान्यात मिळाले ते दुसऱ्या पंक्तीचे औषध होते. पहिल्या पंक्तीत ॲड्रेनॅलिनखेरीज कुणीही नाही.

हे सारे घडते कोणामुळे, याचा उलगडा व्हावयास १९६६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी रक्तातील एक प्रतिद्रव्य ओळखले. इम्युनोग्लोब्युलिन ई असे त्याचे आजचे नाव आहे. पहिल्या दंशाच्या वेळी शरीर हे द्रव्य तयार करून पेशींवर पहारेकऱ्यासारखे बसविते, आणि पुढच्या दंशाच्या वेळी पहारेकरी घरालाच आग लावतो. म्हणून पहिल्या वेळी 'काही झाले नाही' याचा अर्थ पुढेही काही होणार नाही असा नव्हे. नेपच्यूनने ते प्राण देऊन दाखविले होते.

श्रोतेहो, शोध लागले, औषध सापडले, त्याची किंमतही अल्प आहे; ते भारताच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. तरीही माणसे का मरतात? इंग्लंडमधील डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी १९९२ ते १९९८ या काळात ब्रिटनमध्ये तीव्र वावड्याने झालेल्या १६४ मृत्यूंची छाननी केली. टोचलेल्या औषधामुळे झालेल्या प्रतिक्रियेत श्वास किंवा हृदय बंद पडण्यास साधारण ५ मिनिटे लागली होती, कीटकदंशात १५ मिनिटे, आणि अन्नाच्या वावड्यात ३० मिनिटे. यांतील शेकडा ६२ जणांना ॲड्रेनॅलिन मिळाले होते. पण हृदय थांबण्यापूर्वी मिळाले ते केवळ शेकडा १४ जणांना. म्हणजे औषध होते, पण वेळ टळलेली होती. २००३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काही रोगी आडवे होते तोवर तग धरून होते. त्यांना उठवून बसविले किंवा उभे केले, आणि ते तत्क्षणी गेले. रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असताना उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि हृदय रिकामे पडते. चार जिने चढून गेलेले आमचे स्नेही कोणत्या कड्यावरून चालत गेले होते, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

आता पुरुषांकडे वळू. तीव्र वावडे स्त्रियांनाही होते, आणि पुरुषांपेक्षा कमी होत नाही. परंतु कीटकदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब पाहिला तर चित्र निराळे दिसते. अमेरिकेत २०११ ते २०२१ या अकरा वर्षांत मधमाशी, गांधीलमाशी आणि तत्सम कीटकांच्या दंशाने ७८८ माणसे मेली. त्यांपैकी शेकडा ८४ पुरुष होते. पुरुष उघड्यावर अधिक काम करतात, हे याचे एक कारण म्हणता येईल. मध्यम वयात त्यांच्या हृदयाचे दुखणे अधिक असते, हे दुसरे. तीव्र वावड्यात हृदयाच्या रोहिण्याही आकुंचित होऊ शकतात, हे १९९१ साली ग्रीक हृदयतज्ज्ञ निकोलस कुनिस यांनी दाखविले. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या 'बीटा ब्लॉकर' जातीच्या गोळ्यांमुळे ॲड्रेनॅलिनचा परिणामही मंदावू शकतो. अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, परंतु वावड्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी.

मला वाटणारे तिसरे कारण मात्र कोणत्याही यंत्राने मोजता येणार नाही. लहानपणापासून मुलाला आपण शिकवितो की रडू नये, कुरकुर करू नये, दुखले तरी सांगू नये. हे शिक्षण एके काळी त्याच्या रक्षणासाठीच होते. रणात आणि रानात ज्याने वेदना गिळली तो टिकला. परंतु रक्षणाची तीच सवय अवेळी उठली की धन्याच्याच जिवावर येते. माणसाच्या रक्तात घडते तेच त्याच्या स्वभावातही घडते, असे मला वाटते. 'मला बरे वाटत नाही' हे चार शब्द उच्चारावयास पुरुषाला पंधरा मिनिटे लागतात, आणि गांधीलमाशीच्या दंशात नेमकी तेवढीच मिनिटे हाती असतात.

म्हणून प्रत्येक घराने लक्षात ठेवावे अशा काही गोष्टी सांगतो. दंश झाल्यावर त्याच जागी सूज आणि आग होणे हे साधे आहे. परंतु सर्वांगावर गांधी उठणे, ओठ वा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, दम लागणे, ओकारी, पोटात कळ, भोवळ, किंवा 'आता आपले काही खरे नाही' अशी विलक्षण भीती वाटणे, यांपैकी काही दिसले तर तो तीव्र प्रतिक्रियेचा इशारा समजावा. कधी कधी अंगावर एकही पुरळ नसते आणि माणूस एकदम कोसळतो. अशा वेळी रोग्याला लगेच आडवे करावे आणि पाय उंच ठेवावेत. फारच दम लागत असेल तर पाय पसरून बसू द्यावे. ओकारी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवावे. त्याला चालवू नये, जिना चढू देऊ नये, एकटे सोडू नये, आणि न्हाणीघराची कडी तर लावूच देऊ नये. मधमाशीची नांगी त्वचेत रुतून राहते. ती कोणत्याही रीतीने, पण तत्काळ काढावी. गांधीलमाशीची नांगी सहसा राहत नाही. चुना, लोखंड, कांदा यांच्या शोधात वेळ दवडू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे आणि 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द स्पष्ट उच्चारावा. श्वास थांबला तर छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू करावी. रुग्णालयात ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिले जाते. प्रौढ माणसास त्याची मात्रा साधारण अर्धा मिलिग्रॅम असते, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी ती पुन्हा देतात. बरे वाटले म्हणून लगेच घरी परतू नये, कारण काही तासांनी लाट पुन्हा उलटू शकते. विंचवाच्या विषाची गोष्ट मात्र निराळी. ती विषबाधा आहे, आणि तिच्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेला उपचार वेगळा आहे.

पाश्चात्त्य देशांत रोग्याने स्वतःच मांडीत टोचून घ्यावयाची लेखणीसारखी सुई मिळते. युद्धातील विषारी वायूंपासून सैनिकांना वाचविण्यासाठी केलेल्या उपकरणातून ती निघाली, आणि १९८७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. २०२४ साली तेथे नाकात फवारावयाचे ॲड्रेनॅलिनही मान्य झाले. आपल्याकडे ही साधने अजून सहजी हाती येत नाहीत. परंतु साधी कुपी आपल्याकडे आहे. २०२१ साली कोरोनाची लस घेतल्यावर आपणां सर्वांना अर्धा तास बसवून ठेवीत असत. ते याच आजाराच्या भीतीने, आणि त्या केंद्रावर ही कुपी ठेवलेली असे. खेड्यात बालकांना लस टोचणाऱ्या परिचारिकेच्या पेटीतही ती असते. मुलांसाठी आपण जी दक्षता घेतो ती त्यांच्या वडिलांसाठीही घ्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

आमच्या स्नेह्यांना त्या रात्री रुग्णालयात ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग हळूच म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी गावी मळणीच्या वेळी असेच झाले होते. अंगभर गांधी उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, विहिरीजवळ तासभर पडून होतो. कुणाला सांगितले नाही." त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. "मला तरी सांगायचे होते," एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर बोलण्यासारखे कुणाजवळच काही नव्हते. नेपच्यूनची पहिली मात्रा सर्वांना ठाऊक होती. यांची पहिली मात्रा यांनी तीन वर्षे पोटात ठेवली होती.

पुढच्या वर्षी गणपतीच्या तयारीसाठी आम्ही पुन्हा जमलो. कामे वाटून घेताना एका तरुणाने बांबूंचे काम त्यांच्याकडे दिले. ते उभे राहिले, पाकिटातून एक चिठ्ठी काढली, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बांबूंचे काम दुसऱ्याला द्या. मला गांधीलमाशीचे वावडे आहे. काही झाले तर मला आडवे करा, आणि या चिठ्ठीत लिहिलेल्या रुग्णालयात न्या." कुणी हसले नाही. चिठ्ठी हातोहात फिरली, आणि आम्ही प्रत्येकाने तो पत्ता उतरून घेतला.